लिफ्टवाल्याची मजली

पोस्टमन गेला तेव्हा वहिनींच्या हातात दुसरंच मांजर होतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. मधल्या खोलीत जुना टॉवेल पसरून वहिनी जमिनीवर बसल्या होत्या आणि गठुड्याची लघवी काढत होत्या. गठुडं म्हणजे करड्या रंगाचं, कंबरेखाली लुळं पडलेलं मांजर. गाडीखाली सापडून त्याचा मणका मोडला होता. अशा मांजराला लघवी आपली आपण होत नाही. पोटाखालून दोन बोटांनी चाचपून लिंबाएवढी फुगलेली पिशवी शोधायची, बेताबेतानं दाबायची आणि धार थांबेपर्यंत हात ढिला सोडायचा नाही. दिवसातून चार वेळा. घरात कुणी आजारी असो की बाहेर आभाळ कोसळत असो. त्यामुळे खिडकीखालच्या खोक्यात पोस्टमननं एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही, हे दिसूनही वहिनी उठल्या नाहीत. धार संपली. गठुड्याचं मागचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं, फ्लॅनेलचा लंगोट बांधला, त्याला खाली सोडलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खोक्यापाशी गेल्या.

पोस्टमन चौदा वर्षांचा होता, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि दोन महिन्यांपासून त्याची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. रोज सकाळी भिंतीला मिशा घासत तो चारही खोल्यांतून एकाच क्रमानं फेरी मारायचा, म्हणून ते नाव. वहिनींनी त्याच्या छातीवर हात ठेवून मनात तीसपर्यंत आकडे मोजले. पापण्या मिटवून पाहिल्या, त्या मिटल्या नाहीत. शिवणातून उरलेल्या कापडात त्याला गुंडाळलं, मागच्या गॅलरीतल्या गार फरशीवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. हात धुतले आणि वाट्या लावायला घेतल्या, कारण उरलेल्या दहांपैकी नऊ मांजरं अजून भुकेली होती.

स्वयंपाकघरात वन्सं स्टुलावर बसून ढेकऱ्याला खांद्याशी उभा धरून होत्या. वन्सं म्हणजे वहिनींची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. वहिनींचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तो होता तोवर दोघींचं फारसं पटत नसे. तो गेल्यावर न पटायला कारणच उरलं नाही, म्हणून एकत्र राहू लागल्या. एक वन्सं म्हणते, दुसरी वहिनी, आणि ते ऐकून ऐकून सगळी गल्लीही तेच म्हणू लागली. दोघींनी साठी ओलांडली होती.

ढेकऱ्याची अन्ननलिका ढिली होती. खाल्लेलं खाली उतरत नसे, म्हणून जेवण झालं की त्याला पंधरा मिनिटं तान्ह्या मुलासारखं उभं धरावं लागे, नाहीतर सगळं बाहेर. ते काम वन्संचं.

"पोस्टमन गेला," वहिनी म्हणाल्या. दूध आलं म्हणावं तशा आवाजात.

वन्संचे डोळे लगेच भरले. ढेकऱ्याला खाली ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्या तशाच, खांद्यावर मांजर घेऊन रडल्या, आणि ढेकऱ्यानं शांतपणे त्यांचा गाल चाटला. वहिनी उकडलेल्या माशातले काटे काढत राहिल्या. तोल न सावरणाऱ्या झोकांडीसाठी जड दगडी वाडगं, ते भिंतीच्या कोपऱ्यात, म्हणजे तिला दोन बाजूंनी टेकू मिळतो. बहिऱ्या राणीसाठी आधी जमिनीवर पाय आपटायचा, मगच वाटी ठेवायची, नाहीतर ती दचकून ओरबाडते. हे सगळं हात आपोआप करत होते.

नाक पुसून वन्संनी विचारलं, "वहिनी, तुला काहीच होत नाही का गं?"

प्रश्नात टोमणा नव्हता. वन्संना टोमणा मारायचा असता तर त्यांनी नीट मारला असता. वहिनींनी माशाचा तुकडा बोटांत धरून खरोखरच विचार केला. आत कुठे काही दुखतंय का, घशाशी काही येतंय का, पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही होत."

पूर्वी असं नव्हतं. नवरा गेल्याच्या वर्षी एक तीन पायांची मांजरी शिवणयंत्राखालच्या चिंध्यांत येऊन बसली, तिथून हे सुरू झालं. मग जनावरांच्या डॉक्टरांनी एक आंधळं पिल्लू दिलं, मग कुणीतरी लुळं आणून सोडलं, आणि चार खोल्यांचं घर बघता बघता मांजरांचं झालं. वहिनी कपडे दुरुस्तीची कामं घरीच घेत, आणि गिऱ्हाइकं आपापला ब्रश बरोबर आणायला शिकली. ती पहिली तीन पायांची गेली तेव्हा वहिनी तीन दिवस जेवल्या नव्हत्या. यंत्रावर पडलेली एका वराची पँट तशीच राहिली आणि त्या बिचाऱ्याला मोठ्या भावाची पँट खोचून उभं राहावं लागलं. वन्सं तेव्हा म्हणाल्या होत्या की दादा गेला तेव्हासुद्धा तू एवढी रडली नाहीस. ते खरं होतं, म्हणून वहिनींनी राग मानला नव्हता.

आता मात्र कोण आलं, कोण गेलं, सगळं एकाच पातळीवर येऊन बसलं होतं. आधी वाटलं दमलोय. मग वाटलं वय झालं. एकदा डॉक्टरांना विचारावं असंही मनात आलं, पण ते जनावरांचे, आणि माणसांच्या डॉक्टरला हे काय म्हणून सांगायचं? दुखत तर काहीच नव्हतं.

दवाखान्यातला माणूस येऊन पोस्टमनला घेऊन गेला. वहिनींनी कपाटातली वही काढून तारीख टाकली आणि पुढे लिहिलं: गेला. या वहीत प्रत्येक मांजराला एक पान होतं. कधी आलं, कुणी आणलं, काय दुखणं, कुठलं औषध, आणि शेवटी ही एक तारीख.

दोन दिवसांनी, अकराच्या सुमाराला, दाराची बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. एक पाय किंचित ओढत चालणारा, इस्त्रीचा शर्ट, हातात वेताची झाकणाची टोपली. टोपलीत नवी कोरी गादी होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ओळखलंत का ताई? मी लिफ्टवाला. मजलीला घेऊन आलो होतो ना, सहा वर्षांपूर्वी?"

वहिनींनी ओळखलं नाही. या या म्हणाल्या, खुर्चीवरचं मांजर उचलून त्याला बसायला दिलं.

त्यानं सांगितलं ते असं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत लिफ्ट सारखी अडकत होती म्हणून तळाच्या खड्ड्यात उतरला, तर तिथे तेलाच्या डबक्यात मांजराचं पिल्लू पडलं होतं. वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून पडलेलं. कितव्या, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नाव ठेवलं मजली. शर्टात गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं. ती जगली, पण मागचे पाय गेले. त्याच महिन्यात कंपनीनं त्याला दूरच्या शहरात उंच इमारतींच्या कामावर पाठवलं. तिथे आठ-आठ माणसं एका खोलीत. मांजर कुठे ठेवणार? डॉक्टरांनी वहिनींचा पत्ता दिला. पहिलं वर्षभर तो फोन करायचा, मग काम वाढलं, राहून गेलं. आता गुडघ्यावर वजन पडून पाय अधू झाला, तेव्हा कंपनीनं ऑफिसात टेबल दिलं आणि तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या.

"तळमजला आहे, पायऱ्या नाहीत," तो म्हणाला. "म्हटलं, आता तिला न्यायला हरकत नाही. तुम्ही एवढं केलंत, पण आता माझं मी बघीन."

वहिनी म्हणाल्या, बसा, पाणी आणते, आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडलं.

मजलीचं पान सापडायला वेळ लागला नाही. करडी, गळ्याखाली पांढरी. कंबरेखाली हालचाल नाही. लिफ्टवाल्यांनी आणली. त्याखाली औषधं, वजनं, दोनदा झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग. तळाशी तीन वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली तारीख आणि एक शब्द: गेली. एरवी, आणणाऱ्याचा नंबर असला तर, त्या शब्दापुढे वहिनी 'कळवलं' असं लिहीत. इथे ते नव्हतं. फोन नंबर वर नीट लिहिलेला होता.

वहिनी पान धरून उभ्या राहिल्या. ही मांजरी या घरात जवळजवळ तीन वर्षं होती. रोज चार वेळा तिला मांडीवर घेतलं असणार, हजारो वेळा. डोकं जाऊ दे, निदान हातांना तरी आठवायला हवं होतं. पण चेहरा येईना. करडी म्हटलं की गठुडंच समोर यायचं.

वन्संनी दारामागून सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, वहीत डोकावल्या आणि तोंडावर हात ठेवला. त्यांना मजली चांगली आठवत होती. पडद्यामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायावर पंजा मारायची ती. पण ती गेली तेव्हा वन्सं घरी नव्हत्या. बँकेच्या पायरीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, त्या हॉस्पिटलात होत्या.

"आता गं?" वन्सं कुजबुजल्या. "टोपली घेऊन आलाय तो. गादी बघितलीस?"

"बघितली."

"गठुडं देऊन टाक त्याला. तेही करडंच आहे. सहा वर्षांत त्याला काय आठवणार, पिल्लू होतं तेव्हा."

"गळ्याखाली पांढरं नाही."

"म्हणावं, गेलं वयानुसार. माणसाचे केस पांढरे होतात, मांजराचे काळे झाले."

वन्सं हे अगदी गंभीरपणे म्हणाल्या. वहिनींनीही गंभीरपणेच विचार केला. करता आलं असतं. गठुड्याला घर मिळालं असतं, त्या माणसाला मांजर मिळालं असतं. पुढे कधी भेटला तर मजली कशी आहे म्हणून विचारावं लागलं असतं, चेहरा तसा ठेवावा लागला असता. खोटं पोसायचं तर रोज त्याची उठबस करावी लागते, आणि वहिनींच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. खरं बोलण्यामागे त्यांचं दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

त्या बाहेर आल्या, पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"भाऊ, मजली नाही. तीन वर्षं झाली. मी तुम्हाला कळवायला हवं होतं, नंबर होता माझ्याकडे. कळवलं नाही, ही माझी चूक आहे."

लिफ्टवाल्यानं पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला. थोड्या वेळानं त्यानं पाणी पिऊन टाकलं, सगळं, आणि रिकामा पेला टोपलीशेजारी ठेवला.

"कशी गेली?" त्यानं विचारलं. "त्रास झाला का तिला?"

असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते वहिनींना पाठ होतं. झोपेत गेली. माझ्या मांडीवर गेली. शेवटपर्यंत खात होती. यातलं काहीही खपलं असतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. रागावेल असं वन्संना वाटलं, आणि त्या घाईघाईनं पुढे येऊन मजलीबद्दल बोलू लागल्या. पडदा, पंजे, चपलांच्या ढिगावर झोपायची सवय, रेडिओ लावला की कान फिरवायची, एकदा पाहुण्याच्या पिशवीत शिरून थेट बसस्टॉपपर्यंत जाऊन आली होती. लिफ्टवाला एकेक गोष्ट ऐकत होता. बसस्टॉपच्या गोष्टीला हसलादेखील. वहिनीही ऐकत होत्या, शेजारच्या गावातल्या कुणाच्या तरी मुलीबद्दल ऐकावं तसं.

तो निघाला तेव्हा दुपारच्या फेरीची वेळ झाली होती. दाराशी थांबून त्यानं ती कुठे राहायची ते बघू का, असं विचारलं. वहिनी त्याला मधल्या खोलीत घेऊन गेल्या आणि वेळ झालीच होती म्हणून टॉवेल पसरून गठुड्याला मांडीवर घेतलं. तो दारात उभा राहून बघत होता. धार लागली, थांबली, पुसणं झालं, लंगोट झाला.

"हे रोज?"

"चार वेळा."

"मला वाटलं होतं, खायला घालायचं आणि माया करायची," तो म्हणाला. "मला तेव्हा जमलं नसतं."

वहिनी म्हणाल्या, कुणालाच आधी जमत नाही. लिफ्टवाल्यानं मान हलवली आणि पाय ओढत निघून गेला. टोपली तिथेच राहिली. तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला ते दोघींना कळलं नाही. संध्याकाळपर्यंत झोकांडी तिच्यात पडली होती, प्लास्टिकसकट.

त्या दिवशी जेवताना वन्संनी वही मागितली. ताट बाजूला सारून, चष्मा लावून त्या पानं उलटू लागल्या. मजलीच्या मागेपुढे आणखी चार पानांवर त्याच हिवाळ्यातल्या तारखा होत्या. बारा दिवसांत पाच.

"हे मला सांगितलं नव्हतंस," वन्सं म्हणाल्या.

सांगितलं होतं, वहिनी म्हणाल्या. तुम्ही घरी आल्यावर विचारलंत तेव्हा सांगितलं की पाच गेली. वन्सं म्हणाल्या, पाच गेली एवढंच म्हणालीस, मला वाटलं दीड महिन्यात अधूनमधून गेली असतील. साथ आली होती का? आली होती. सतरा मांजरं होती ना तेव्हा? सतरा होती. मग तू एकटी? वहिनींनी आमटीचं भांडं उचललं आणि म्हणाल्या की तुमचं ऑपरेशन होतं, तुम्हाला काय सांगायचं.

वन्संनी वही मिटली. वहिनींच्या बाजूनं विषय तिथेच संपला आणि त्या भांडी घासायला उठल्या.

पुढच्या रविवारी लिफ्टवाला टोपली न्यायला आला. टोपलीत झोकांडी होती, तिला उठवणं त्याला बरं वाटेना, म्हणून थांबला. थांबला तसा दुपारच्या फेरीला पुन्हा दारात उभा राहिला, आणि शेवटी म्हणाला की मला शिकवाल का. वहिनी बाजूला सरल्या. शिकवलं वन्संनीच. टेलिफोनवर बोलल्यासारखं त्या स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या: आता बोटं खाली, आता थांबा, सापडलं का, हो किंवा नाही सांगा. लिफ्टवाल्याचे हात मोठे, ग्रीसनं कायमचे काळपटलेले, पण बोटांना अक्कल होती. दोरखंडाचा ताण नुसत्या स्पर्शानं ओळखायची सवय होती त्याला. पहिल्या दिवशी काही निघालं नाही. तिसऱ्या रविवारी निघालं, आणि ते त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर.

तो दर रविवारी येऊ लागला, मग बुधवारी ऑफिस सुटल्यावरही. सव्वा महिन्यानं त्यानं गठुड्याला मागितलं. मजलीच्या जागी नाही, असं तो आपणहून म्हणाला; मजली ती मजली. फक्त आता येतंय तर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

वहिनींनी डॉक्टरांना फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, द्या. आणि त्याच फोनवर पुढे म्हणाले की बरं झालं, जागा झाली, माझ्याकडे एक मागचे दोन्ही पाय गेलेलं मांजर पडून आहे, उद्या पाठवू का.

"नको," वहिनी म्हणाल्या.

तो शब्द आपल्याच तोंडून आला हे त्यांना क्षणभरानं समजलं. चौदा वर्षांत त्या डॉक्टरांना एकदाही नको म्हणाल्या नव्हत्या. पलीकडून काही आरडाओरडा होईल म्हणून त्या थांबल्या.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "मग शाळेपलीकडच्या मास्तर-मास्तरीणबाईंना विचारतो. ते घेतात दोन-तीन."

वहिनींना शाळेपलीकडचे कुणी मास्तर माहीत नव्हते. इतकी वर्षं त्यांची पक्की समजूत होती की आपण नाही घेतलं तर ते मांजर मेलंच. कधीपासून घेतात, त्यांनी विचारलं. झाली की सात-आठ वर्षं. मग मला कधी बोलला नाहीत. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत. त्यांच्या टेबलावर कुठलं तरी कुत्रं भुंकत होतं, त्यांनी फोन ठेवून दिला.

वहिनी स्टुलावर बसल्या. राग यायला हवा होता, किंवा हसू. त्यातलं काहीच आलं नाही. फक्त खांदे एकाएकी जड झाले आणि त्या दुपारी, शिवणयंत्रावर कुणाचातरी कोट अर्धा उसवून पडलेला असताना, त्या दोन तास झोपल्या. वन्संनी बेल वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला खिडकीतूनच परत पाठवलं.

गठुडं शनिवारी गेलं. सहा लंगोट, औषधाची बाटली, वेळांचा कागद. दारातून जाताना टोपलीच्या झाकणाखालून एक मिशी बाहेर आली होती. वन्सं रडल्या. वहिनी आत येऊन टॉवेल धुवायला टाकायच्या मागे लागल्या.

मांजर दिल्यावर महिन्यानं घर बघून यायचं, असा वहिनींचा जुना शिरस्ता होता. गेली तीन वर्षं तो मोडला होता. वन्संनीच आठवण केली, आणि एका मंगळवारी सकाळची फेरी आटोपून दोघी बसनं लिफ्टवाल्याकडे गेल्या. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. दोन खोल्या, लख्ख. खिडकीपर्यंत जायला फळीचा उतार केला होता, त्यावर रबर चिकटवलं होतं, पुढच्या पंजांना पकड मिळावी म्हणून. मापं अशी अचूक, की वहिनींनी हात फिरवून शिवण तपासावी तसा कडेवरून अंगठा फिरवला. गठुडं खिडकीत बसलं होतं. त्यानं दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघू लागलं. वन्संना ते जरा लागलं.

लिफ्टवाल्यानं चहा केला. मग थोडा अवघडत म्हणाला की ताई, एकदा बघता का, मला वाटतं सकाळची पूर्ण निघत नाही. वहिनींनी गठुड्याला मांडीवर घेतलं आणि पोटाखाली बोटं नेली. पिशवी हाताला लागली, भरलेली, लिंबापेक्षा मोठी. मांजराचं पोट गरम होतं, आणि बोटांखाली कुठेतरी त्याची नाडी भराभर चालली होती. इतके दिवस ते पोट गरम नव्हतं थोडंच, पण वहिनी जरा थांबल्या.

"काय झालं?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही थोडं पुढून दाबताय. इथे, मागे. आणि सकाळी अर्धा तास लवकर करा."

त्यानं कागदावर लिहून घेतलं.

बसस्टॉपवर बाकावर दोघी बसल्या. ऊन होतं, रस्त्याला फारशी वर्दळ नव्हती. दुपारच्या फेरीला दीड तास होता. पहिली बस आली, वन्सं उठल्या, वहिनी उठल्या नाहीत, तेव्हा वन्सं परत बसल्या.

"त्या बारा दिवसांत आधी काळा गेला," वहिनी म्हणाल्या.

वन्संनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

वहिनी रस्त्याकडे बघत सांगत राहिल्या, सपाट आवाजात, कपड्याचं माप सांगावं तसं. काळा दोन दिवस पाणी पीत नव्हता, डॉक्टर येऊन गेले आणि तो पहाटे गेला. मग जुळ्यांपैकी एक, ती खोक्यात गेली, दुसरी तिच्या अंगावरून उठेचना, तिला ओढून काढावं लागलं. चौथ्या दिवशी ती दुसरीही गेली, तिला तर काही झालेलं दिसतही नव्हतं. मग म्हातारी, स्वयंपाकघरात, मी तुमच्यासाठी डबा भरत होते तेव्हा. वाडग्यापाशी आडवी झाली. डबा घेऊन मी हॉस्पिटलात आले, तुम्ही विचारलंत मांजरं कशी आहेत, मी म्हटलं बरी आहेत.

"मीठ नव्हतं त्या दिवशी डब्यात," वन्सं म्हणाल्या.

"नव्हतं का?"

"नव्हतं. मी बोलले नाही."

दुसरी बस आली आणि गेली.

"चार सांगता आली," वहिनी म्हणाल्या. "पाचवी येत नाही. मजली. बाकीचं सगळं येतं, ती खोली येते, टॉवेल येतो. ती नाही येत."

त्यांचा आवाज तसाच होता. डोळे कोरडे होते. फक्त उजवा हात मांडीवर पालथा पडला होता आणि बोटं आपोआप जरा आत वळली होती. वन्संनी त्यावर आपला हात ठेवला. पंधरा वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं, आणि आता केल्यावर दोघींना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण कुणी हात काढला नाही.

"नाही आली तर नाही आली," वन्सं म्हणाल्या.

तिसरी बस आली. फेरीला आता तासच उरला होता, ढेकऱ्याला भूक लागली असणार. दोघी उठल्या. वन्संचा खुबा चढायला त्रास देतो म्हणून वहिनी मागे उभ्या राहिल्या, त्यांना आधी चढू दिलं, मग स्वतः चढल्या.